सत्ताविसावं शेवाळ

(उकव्याजवळचं जंगल. आमझिरी नाल्याचा अलीकडचा काठ. १९६६च्या कार्तिकातली एक सकाळ, अजून धुकं आहे.)

कमला : सव्वीस. मामा, मी तीनदा मोजलं. सव्वीसच प्रकार होतात.

डोमाजी : सत्तावीस हायेत.

कमला : याच काठावर?

डोमाजी : याच काठावर. तुह्या कागदाच्या पुड्या कमी पडल्या असतीन, शेवाळ नाई कमी पडलं.

कमला : मग दाखवा ना सत्ताविसावं! दोन दिवस झाले, नुसतं बोलून राहिले तुम्ही.

डोमाजी : वर झिरीपाशी हाय, पाणी जिथून फुटते तिथं. दगड भल्ले घसरडे. दोन्ही हातानं धरून चढा लागते, अन् माह्या एका हातात हा हातोडा.

कमला : ठेवा की खाली घडीभर. इथं कोण नेतो?

डोमाजी : अवं माय! छापाचा हातोडा खाली ठेवत असतेत का? याचा ठोका ज्या झाडाले बसला ते झाड कटलंच समज. हा चोराच्या हाती लागला तर सारं जंगल खाली होईन. सकाळी जंगलखात्याच्या नाक्यावरून घ्याचा, सांजेले नाक्यावर जमा कराचा, मधात हा अन् मी. तुह्या मामीले मातीत ठेवलं त्या दिवशी बी दुपारपर्यंत माह्या हातातच होता.

कमला : माझ्याजवळसुद्धा नाही देणार?

डोमाजी : नाकेदाराच्या हाती देतो, सही घेऊन. तू का नाकेदार हायेस? तू तर शेवाळाची मास्तरीण.

कमला : मास्तरीण कुठली, अजून शिकूनच राहिले.

डोमाजी : तेच सांगतो मी लोकाले, का भाची नागपूरच्या कॉलेजात शेवाळ शिकून राह्यली. तर हसतेत ना बाप्पा! म्हणतेत, डोमाजी, तुह्या बहिणीनं खदानीत टोपले वाहून पोरीले शिकवलं, अन् पोरगी शेवाळ मोजते!

कमला : हसू द्या. तुम्ही नाही हसलात ना?

डोमाजी : मी काहून हसू? मी तर त्यायले नावं ठेवून बसलो.

कमला : कोणाला, लोकांना?

डोमाजी : शेवाळाले वं! आण, तुह्या पुड्या आण इकडं. दे एकेक हातावर. हे... हे बाळाचं जावळ. मऊ, भुरभुरीत, उलटा हात फिरवला का उभं राह्यते.

कमला : बरोबर. हे झाडाच्या बुंध्यावर येतं.

डोमाजी : हे मांजर. अंग चोरते, पाणी पडलं का फुगते. हे गोधडी. अन् हे चपटं, गार, वासराची जीभ.

कमला : हे शेवाळ नाही म्हणतात मामा, शेवाळाचं चुलत भावंड. कॉलेजात याला लिव्हरवर्ट म्हणतात.

डोमाजी : म्हणोत. तुमच्या सरच्या हाताले वासरानं कधी चाटलं नसन, त्याले का समजते!

कमला : मामा, सगळी नावं सांगा, मी लिहून घेते. आमच्या पुस्तकात यातली निम्मी सापडतच नाहीत.

डोमाजी : सांगतो ना. घाई काय हाय? धुकं उतरू दे. या टायमाले इथं मोठ्यानं बोलावंसं बी वाटत नाई मले. आयकून राह्यली का?

कमला : काय? काहीच ऐकू येत नाही.

डोमाजी : तेच तर. खदानीचा भोंगा आत्ता वाजून गेला, तुले ठाव बी नाई. शेवाळ आवाज पिते, पोरी. मले तर कधी कधी वाटते, मी जंगलात चालूनच नाई राह्यलो. जंगल निजलं हाय अन् मी त्याच्या सपनात येऊन राह्यलो, जाऊन राह्यलो. पाय बी वाजत नाई.

कमला : पलीकडच्या काठावर वाजतात. काल मी तिकडे गेले होते.

डोमाजी : हौ का.

कमला : तिकडे किती सापडले, विचारा ना.

डोमाजी : किती?

कमला : सहा.

डोमाजी : सहाच?

कमला : फक्त सहा! नाला तोच, पाणी तेच, दगडसुद्धा तेच. मधे बारा पावलांचंसुद्धा अंतर नाही. पण तिकडची जुनी, वाकडी, पोकळ झाडं सगळी काढून टाकली, नुसती सरईची सरळ झाडं ठेवली, खांबासारखी. झाडांवरचं शेवाळ झाडांबरोबर गेलं ते समजलं मला. पण दगडावरचंही गेलं, मामा. दगड तर कोणी तोडले नव्हते.

डोमाजी : दगड तापते आता.

कमला : हो! वरची सावली गेली, खाली पडून सडणारे ओंडके गेले. ओल राहणार कुठे? आणि इकडे सव्वीस. मी सरांना पत्र लिहिलं काल रात्री.

डोमाजी : काय लिहिलं?

कमला : लिहिलं की सरकारी प्लॅनमधे दोन्ही काठ साफ करायचे होते. पलीकडचा कोण्या दगडाच्या काळजाच्या माणसानं झाडून साफ केला. पण अलीकडचा माझ्या मामानं राखला. जाणूनबुजून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं.

डोमाजी : असं नव्हतं लिहाले पाह्यजे.

कमला : का? खरं आहे ते.

डोमाजी : माह्यं नाव खोडून टाक.

कमला : आता तुम्ही लाजून राहिले.

डोमाजी : लाजून नाई राह्यलो. खोडून टाक म्हणलं ना.

कमला : बरं बरं, रागावू नका. हे घ्या, हे बघा तरी. सरांनी दिलेलं भिंग आहे. जावळ यातून बघितलं ना, तर एकेक पान दिसतं, काचेचं केल्यासारखं. धरा, अगदी डोळ्याजवळ न्या. हं, जावळ मी समोर धरते. दिसलं?

डोमाजी : हौ... बढिया दिसते.

कमला : काय दिसतं?

डोमाजी : पानं दिसतेत ना. हिरवे हिरवे. काचेवानी.

कमला : मामा.

डोमाजी : लय बारीक काम हाय बाप्पा.

कमला : मामा, भिंग बंद आहे. अजून पितळेच्या खोळीतच आहे ते.

डोमाजी : घे तुह्यं भिंग.

कमला : इकडे बघा. माझ्याकडे. मी कुठे आहे?

डोमाजी : तू समोर हायेस. नाकात सर्दी हाय तुह्या, आवाजावरून समजते.

कमला : किती दिवस झाले?

डोमाजी : तीन पावसाळे गेले. पह्यले धुकं आलं. मले वाटलं कार्तिकाचं हाय, जाईन. चैत लागला तरी गेलं नाई, तवा समजलो.

कमला : आई माझी! आणि कोणाला सांगितलं नाही? डॉक्टरला तरी दाखवायचं!

डोमाजी : दाखवलं चुपचाप. म्हणे नस सुकली, हे उतरत नसते. तुही मामी, तुळसा, होती तवा तिले ठाव होतं. ती मले नाक्यापासून जंगलापर्यंत वाट मोजून शिकवे. मोहाच्या झाडापासून चाळीस पावलं, मंग उतार, मंग नाला. दोन महिने मोजून घेतलं तिनं माह्याकडून, अन् मंग गेली.

कमला : पण छाप कसा लावता? तीस वर्षं तुम्हीच ठरवता कोणतं झाड जाईल, कोणतं राहील.

डोमाजी : हातानं. येनाची साल सुसरीच्या पाठीवानी, धावडा गुळगुळीत, तेंदू चिरलेला. हात लावला का झाड आपलं नाव सांगते. मंग संगतीच्या मजुराले, सुखरामले, म्हणतो, कुऱ्हाडीचा तुंबा मार, मागची बोथट बाजू. ठण्ण वाजलं तर भरीव हाय, राहू द्या. भद्द वाजलं तर पोकळ. मंग सुखराम साल सोलते अन् मी ठोका देतो.

कमला : मग हा काठ? इथं तर अर्धी झाडं पोकळ आहेत.

डोमाजी : आता कसं सांगू तुले... इथं हात सालीवर पोचतच नाई, कमले. सारं शेवाळ. हात गादीवर पडल्यावानी पडते. झाड बोलत नाई. तुंबा मारला तर आवाज बी येत नाई, पिऊन घेते ते. पह्यल्या साली मी अंदाजानं एका सरईले ठोका दिला. कापली तर भरीव निघाली, एकदम सोन्यावानी. रेंजर साहेब लय बोलले. त्या दिवसापासून ठरवलं, जे झाड हाताले समजलं नाई, त्याले सोडून द्याचं. ज्याच्या आंगावर शेवाळ, ते सोडलं.

कमला : म्हणून राहिलं हे सगळं?

डोमाजी : म्हून राह्यलं. मी राखलं-बिखलं काई नाई. मले समजलं नाई, म्हून राह्यलं.

कमला : आणि सुखराम काही बोलला नाही?

डोमाजी : त्याले वाटलं मामाचा इथं नवस असन. मी म्हणलं, अरे, नागपूरले दीक्षा घेऊन आलो तवापासून नवस सोडले मी! तर म्हणते, मंग चोरून असन. समजावून थकलो.

कमला : हसवू नका मला आत्ता.

डोमाजी : अजून एक आयक. ते बी लिहिशीन तर लिही. पलीकडचा काठ दगडाच्या काळजाच्या माणसानं साफ केला म्हणली ना तू?

कमला : हो.

डोमाजी : मीच केला. सात साल झाले. तवा पान पान दिसे मले. एक वाकडं झाड नाई सोडलं. साहेबानं पाठ थोपटली होती, म्हणे असा छाप साऱ्या रेंजमधे कोणी लावत नाई. डोळे होते तवा सहा राह्यले, कमले. डोळे गेले तर सव्वीस.

कमला : सत्तावीस.

डोमाजी : हौ. सत्तावीस. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडच्या दगडावर हात ठेवला होता. तव्यावानी चटका बसला. घरी येऊन पाण्यात हात धरून बसलो, पण तो चटका काई उतरला नाई. कोणी येऊन राह्यलं. तेजराम हाय, नाकेदार. त्याच्या डाव्या चपलेचा खिळा वाजते. तू काई बोलू नको हं.

तेजराम : राम राम डोमाजीकाका! अरे, जय भीम, जय भीम. हमेशा भूलतो मी.

डोमाजी : भूलत जाय. मी तरी जवाब देतोच ना. ही माही भाची, कमला. नागपूरले शिकते.

तेजराम : मालूम आहे, शेवाळवाली बाई. पूरा उकवा जाणते. काका, बसा जरा. रेंजर साहेबांचा हुकूम घेऊन आलो.

डोमाजी : उभाच बरा आहो. बोल.

तेजराम : नाल्याच्या या काठावर सत्तर-ऐंशी झाडं बिना छापाची राहून गेली. सगळी बुढी, टेढी, खोखली. प्लॅनमधे साफ लिहिलेलं आहे, असली झाडं ठेवायची नाहीत. साहेब म्हणाले, डोमाजीच्या हातून असं कसं सुटलं? उद्या सकाळी खुद येऊन उभे राहणार. तुमच्याच हातानं छाप लावून घेणार, एक एक झाड.

डोमाजी : साहेब सोबत फिरतीन?

तेजराम : शुरू से आखिर तक. आणि आठ रोजात झाडं कापायला ठेकेदाराचे आरे चालू. काका, बुरा नका मानू, पण काही गडबड तर नाही ना? तुमचा छाप म्हणजे पत्थर की लकीर म्हणतात सगळे.

डोमाजी : काई गडबड नाई. तू चालून आला, नाल्यावर पाणी पी, तोंड धू. आम्ही इथंच आहो.

तेजराम : हां, गला सुखलाच आहे. आलोच.

कमला : गेला. मामा, आता काय करायचं? साहेबाच्या समोर तुम्ही झाड चाचपाल, तर पहिल्याच झाडाला त्याला समजेल.

डोमाजी : समजन.

कमला : काढून टाकतील. नाक्यावरची खोली जाईल. आणि एवढ्या वर्षांचं नाव...

डोमाजी : हौ. तेच. उकव्यापासून बैहरपर्यंत मले डोमाजी म्हणून कोणी ओळखत नाई, हातोड्यावाला म्हणून ओळखतेत. हा गेला तर मी कोण? एक आंधळा बुढा. फागुनात नोकरी पुरी होते, कमले. चार महिने राह्यले होते. इज्जतीनं जमा केला असता.

कमला : मी येते उद्या.

डोमाजी : तू कायले?

कमला : मी तुमच्याजवळ उभी राहते. म्हणेन, शेवाळ पाहायला आले. हळूच तुमच्या बाहीला हात लावते. एकदा लावला तर पोकळ, दोनदा लावला तर भरीव. तुम्ही ठोका द्यायचा. साहेबाला काही समजणार नाही. फागुनपर्यंत निभून जाईल.

डोमाजी : अन् हे सव्वीस?

कमला : मी पुड्या भरून घेतल्या आहेत. वाळवून नेते नागपूरला.

डोमाजी : सरले काय लिहिशीन?

कमला : लिहीन की काठ कापला गेला. सरांनी पत्र पाठवलं तर जंगलखात्याचे बालाघाटचे मोठे साहेब असा काठ दहा वर्षं राखूनही ठेवतील, असं म्हणत होते ते. एका काठाशी दुसरा ताडून पाहायला. पण पत्र यायला महिना-दीड महिना लागतो, आणि आरे आठ दिवसांत चालू होतात. जाऊ द्या. दुसरीकडे शोधेन मी.

डोमाजी : तू बाहीले हात लावशीन?

कमला : हो.

डोमाजी : या जावळाच्या झाडापाशी बी? एकदा लावशीन?

कमला : लावेन.

डोमाजी : पुडीचा कागद चुरगाळला तू आत्ताच, मले आयकू आलं. उद्याची तर बातच सोड.

कमला : मग काय करू सांगा ना! झाडं काय माझे मामा लागतात? मला तुम्ही हवे आहात. आईला काय सांगू, तुझ्या भावाला वेड्यासारखं हाकलून दिलं आणि मी पुड्या बांधत होते?

डोमाजी : रडू नको. सर्दीत रडलं का अजून नाक भरते. माय माही, एवढं मोठं मन कुठून आणलं वं तू? तुह्या आईवर गेली. पण आयक. एक काठ मी डोळ्यानं मारला. आता दुसरा तुह्या डोळ्यानं मारू का?

कमला : मामा...

डोमाजी : तुळसा या नाल्यावर धुणं आणे. लग्नाच्या साली मले वर झिरीपाशी घेऊन गेली. म्हणे, इथं हात ठेव. मी ठेवला. हात हाय का नाई तेच समजे ना, इतकं बारीक, इतकं गार. तवा डोळे होते, तरी तिनं ते मले हातानंच दाखवलं. तेच तुह्यं सत्ताविसावं. किती साल झाले, मी तिथं गेलोच नाई. हा हातात होता ना.

तेजराम : वा, क्या पाणी आहे! चला काका, मी निघतो. उद्या सकाळी बराबर सात वाजता.

डोमाजी : थांब. तुह्यं सहीचं बुक हाय का खिशात?

तेजराम : आहे ना. का बरं?

डोमाजी : हातोडा जमा करून घे.

तेजराम : आत्ता? अजून तर धुकं पण नाही उतरलं. सांज कुठं झाली?

डोमाजी : माह्याकडं तीन सालापासून झाली. लिही. डोमाजीले दिसत नाई. तीन सालापासून दिसत नाई. छाप हातानं चाचपून लावले.

तेजराम : काका, मजाक करून राहिले का?

कमला : मजाक नाही, तेजरामभाऊ.

तेजराम : अरे बाप रे. आणि हे मी लिहू? काका, होशमधे आहात ना? हे कागदावर आलं तर तीन सालाचे सगळे छाप रद्द! तोडीच्या जंगलाचा पूरा कूप फिरून तपासावा लागंल, एक एक झाड. ठेकेदाराचे आरे तसेच पडून राहतील. नवा माणूस बैहरवरून येणार, तो शिकणार... बरसात लागून जाईल!

डोमाजी : लागू दे. कमले, बरसातीच्या आत तुह्या सरची चिठ्ठी मोठ्या साहेबापाशी पोचते का?

कमला : मामा, नका ना.

डोमाजी : पोचते का नाई ते सांग.

कमला : पोचते.

डोमाजी : मंग लिही तेजराम.

तेजराम : खोली आजच खाली करावी लागंल तुम्हाला. साहेब लय गरम होतील. तुमच्या नावावर थुंकतील लोक, काका. म्हणतील, आंधळ्यानं तीन साल जंगल ठोकलं.

डोमाजी : म्हणू दे. खोटं थोडंच हाय? खोलीत काय हाय माह्यं, एक खाट अन् तुळसाचा पाटा-वरवंटा. सांजेले उकव्याले बहिणीच्या घरी जातो. कावं कमले, ठेवशीन ना मामाले?

कमला : आता तरी थट्टा सोडा.

तेजराम : हे घ्या. इथं अंगठा... नाही, तुम्ही सही करता ना.

डोमाजी : हात धरून जागा दाखव. हं. झाली?

तेजराम : लाईनच्या खाली गेली जरा. चालंल.

डोमाजी : धर. नीट धर, खाली ठेवजो नको. जमिनीले लागू देऊ नको.

तेजराम : नाही ठेवत. दांडा गरम आहे अजून तुमच्या हातानं... मी निघतो. वाटेत कोणी पूछलं तर काय सांगू?

डोमाजी : लिहिलं तेच.

तेजराम : जय भीम, काका.

डोमाजी : जय भीम. पाह्य, आज भूलला नाई... गेला का?

कमला : गेला. वळून वळून बघत होता.

डोमाजी : हा हात पाह्य ना कसा झाला. मिटून मिटून असाच राह्यला, दांड्याच्या गोलाचा. उघडतच नाई नीट.

कमला : द्या इकडे. मी चोळून देते. मामा, मी काय करू आता? मला काही सुचत नाही.

डोमाजी : डोळे पूस अन् पुडी काढ एक. कोरी. हाय ना?

कमला : आहे. कशाला?

डोमाजी : उठ. तू पुढं हो, मी मागं येतो. मोहापासून नाई, इथून पंधरा पावलं, मंग चढ.

कमला : कुठे जायचं?

डोमाजी : झिरीपाशी. दोन हात लागतेत म्हणलो होतो ना चढाले? हायेत आता.